यँकीजचे कॅचर : डिकीपासून ऑस्टिन वेल्सपर्यंत (आणि मधे राहून गेलेला एल्स्टन हॉवर्ड)

ब्रॉन्क्सकर

मंडळी, यँकीज, म्हणजे न्यूयॉर्कची बेसबॉल टीम, म्हटलं की रूथ, गेरिग, डिमॅजिओ, मँटल, जीटर ही नावं आपोआप तोंडात येतात, सगळी बॅटवाली. मला प्लेटच्या (जिथे बॅटर उभा राहतो ती जागा) मागे बसणाऱ्या कॅचरांबद्दल बोलायचंय, कारण माझं ठाम मत आहे की या टीममध्ये खेळ जर खरोखर एका हातातून दुसऱ्या हातात गेला असेल तर तो कॅचर लोकांमधेच गेलाय, बाकी पोझिशन्समधे नाही.

आता बघा. बिल डिकी १९२८ ला आला, १९२९ ते १९४१ सलग १३ सीझन शंभराच्या वर मॅचेसमधे कॅचिंग केलं, करिअर बॅटिंग ॲव्हरेज .३१३ (दर हजार ॲट-बॅट्समधे ३१३ हिट), खेळाडू म्हणून ७ वर्ल्ड सिरीज (दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम लढत) जिंकला. गेरिगचा रूममेट. शांत माणूस, पण १९३२ ला वॉशिंग्टनच्या कार्ल रेनॉल्ड्सचा एका ठोशात जबडा मोडला आणि ३० दिवस बाहेर बसला, तेवढा एक प्रसंग सोडला तर त्याच्याबद्दल आरडाओरडा असा काही नाहीच. १९४९ ला केसी स्टेंगल मॅनेजर झाला आणि डिकीला कोच म्हणून परत आणलं, काम एकच, योगी बेराला कॅचर बनव. कारण योगी बॅटिंगला भन्नाट असला तरी मागे अगदीच कच्चा होता, १९४७ च्या वर्ल्ड सिरीजमधे ब्रुकलिन डॉजर्सवाल्यांनी त्याच्यावर मनसोक्त बेस चोरले (पिच चालू असतानाच पुढच्या बेसला पळाले) होते. डिकीने त्याला बॅटरच्या जवळ सरकून बसायला शिकवलं, पाय कसे टाकायचे, थ्रोला हात कुठून यायला हवा हे घोटून घेतलं. परिणाम काय, तर याच योगीने पुढे १९५७ ते १९५९ मधे १४८ मॅचेस सलग एकही एरर (क्षेत्ररक्षणातली चूक) न करता काढल्या!!

आणि डिकी तिथे थांबला नाही. १९५४ च्या स्प्रिंग ट्रेनिंगला त्याच्याकडे अजून एक पोरगा दिला, आउटफिल्डर होता, त्यालाही कॅचर करायचं होतं. तो एल्स्टन हॉवर्ड. यँकीजकडून खेळलेला पहिला काळा खेळाडू, १४ एप्रिल १९५५ ला पदार्पण, म्हणजे आधुनिक मेजर लीगमधला पहिला काळा खेळाडू जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून उतरला त्याच्यानंतर तब्बल आठ वर्षांनी. आणि १९६३ ला अमेरिकन लीगचा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू), त्या लीगमधे हा मान मिळालेला पहिला काळा खेळाडू. एवढं सगळं असून आज न्यूयॉर्कमधेसुद्धा त्याचं नाव किती जणांना माहितीय? मला याचं मनापासून वाईट वाटतं म्हणून हा धागा. योगी आणि त्याच्या पुढचे कॅचर मन्सन, पोसाडा सगळ्यांवर बोलूच, पण हॉवर्डवर आधी.

---

पुणे_पहाटे_साडेचार

मस्त विषय! मी इथून पहाटे ४:३५ ला मॅच लावतो (न्यूयॉर्कची संध्याकाळची ७:०५), दोनच वर्षं झाली बघायला लागून, त्यामुळे जुनं फारसं माहीत नाही. एक विचारतो, आपल्याकडे विकेटकीपर असतो तसाच हा ना? मग त्याच्यावर एवढी चर्चा का, योगीला तीन एमव्हीपी कसे काय दिले?

---

मधुरा_मॉन्टक्लेअर

@पुणे_पहाटे_साडेचार, बसायची जागा सारखी, काम बरंच वेगळं. विकेटकीपर बॉलरला कुठला बॉल टाक हे सहसा सांगत नाही. इथे प्रत्येक पिचच्या आधी कॅचर सांगतो फास्टबॉल की स्लायडर, आत की बाहेर, म्हणजे एका मॅचला दीडशेच्या आसपास निर्णय, आणि पिचर मान हलवून नाही म्हणाला तर पुन्हा दुसरं काहीतरी सुचवायचं. पूर्वी हे दोन मांड्यांच्या मधे बोटं दाखवून चालायचं. २०२२ पासून मनगटावर किंवा गुडघ्यापाशी बटणांचं यंत्र बांधतात, पिचकॉम, बटण दाबलं की पिचरच्या टोपीत आवाज येतो.

माझी मुलगी सॉफ्टबॉलला कॅचर आहे, १२ वर्षांची, तेव्हा हे सगळं घरातच बघते. मास्क, छातीचं पॅड, शिन गार्ड घालून उन्हात उकिडवं बसायचं, आणि बॉल जमिनीवर आपटून आला तर तो पकडायला जायचं नाही, अंग मधे घालायचं, हनुवटी छातीला लावून, म्हणजे पॅडवर आपटून बॉल समोरच पडतो. तिच्या कोचने पहिला महिनाभर हेच करून घेतलं, मिटला (कॅचरच्या जाड ग्लव्हला) हातच लावू दिला नाही. अंगावर निळे डाग घेऊन यायची. पण आता तिसऱ्या बेसवर कोणी असलं की पिचर बिनधास्त खाली बॉल टाकते, कारण हिच्यावर भरवसा आहे. एमव्हीपी याच भरवशाचे मिळतात, शिवाय योगी बॅटिंगही करायचा: १९५०च्या सीझनला ५९७ ॲट-बॅट्समधे फक्त १२ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट). हल्लीचे लोक दोन आठवड्यांत तेवढे करतात.

---

नाना_पार्सिपनी

ब्रॉन्क्सकर, छान धागा काढलात. मी १९७४ पासून जर्सीत आहे, मन्सनला स्टेडियमवर खेळताना बघितलेल्यांपैकी एक, म्हणून लिहितो.

थर्मन मन्सन ओहायोचा, अॅक्रनला जन्म आणि कँटनला वाढलेला, १९७० चा रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवा खेळाडू). दिसायला बुटका, आडवा, मिश्यावाला, कपडे कायम मातीत. १९७६ ला त्याला कॅप्टन केला, गेरिग गेल्यानंतर या टीमने कोणालाच कॅप्टन केलं नव्हतं, विचार करा केवढी मोठी गोष्ट. त्याच वर्षी एमव्हीपी. त्या वर्ल्ड सिरीजमधे सिनसिनाटीने आपल्याला ४-० धुतलं तरी याचं ॲव्हरेज .५२९. तिन्ही वर्ल्ड सिरीज मिळून .३७३. १९७८ ला कॅन्सस सिटीविरुद्ध तिसऱ्या प्लेऑफ मॅचमधे जॉर्ज ब्रेटने आपल्यावर तीन होम रन मारले होते आणि आठव्या इनिंगमधे आपण मागे होतो, खांदा दुखत असलेल्या मन्सनने डग बर्डला लेफ्ट सेंटरच्या पार खोल भागात मारला, जुन्या स्टेडियमचा तो कोपरा इतका लांब होता की तिथे जायचे ते बहुतेक कॅचच व्हायचे. मॅच फिरली.

मग २ ऑगस्ट १९७९. घरी कँटनला बायको-मुलांकडे लवकर जाता यावं म्हणून विमान चालवायला शिकला होता, स्वतःचं जेट घेतलं होतं. अॅक्रन-कँटन विमानतळावर लँडिंगची प्रॅक्टिस करताना अपघात झाला. बरोबरचे दोघे वाचले, हा गेला. ३२ वर्षांचा. दुसऱ्या दिवशी बॉल्टिमोरशी मॅच होती, आठ खेळाडू आपापल्या जागी जाऊन उभे राहिले आणि प्लेटच्या मागची जागा मोकळी ठेवली. लोक टाळ्या थांबवेनात. जेरी नॅरनने त्या रात्री कॅचिंग केलं, तो नंतर येऊन बसला. ६ तारखेला सगळी टीम कँटनला अंत्यविधीला जाऊन संध्याकाळी परत येऊन खेळली, बॉबी मर्सरने सकाळी श्रद्धांजलीचं भाषण केलं होतं, रात्री टीमच्या पाचही रन त्याच्या बॅटमधून आल्या, ५-४ ने जिंकलो.

तो हॉल ऑफ फेममधे (बेसबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत) नाही याचा मला आजही राग येतो.

---

शंतनू_बॉस्टन

मी रेड सॉक्सवाला, तरी या धाग्यावर लिहिणार. मन्सनबद्दल आदर आहेच, पण आमचा कार्लटन फिस्क २४ सीझन्स खेळला आणि हॉल ऑफ फेमला गेला, मन्सनचे पुरते अकरा सीझनही नाहीत आणि होम रन ११३. नियम सगळ्यांना सारखे असायला हवेत, अपघात दुर्दैवी म्हणून आकडे बदलत नाहीत. १९७३ च्या १ ऑगस्टला फेनवेवर दोघांची प्लेटपाशी जी टक्कर झाली ती आमच्याकडे अजून सांगतात, जीन मायकलचा बंट (बॅट नुसती टेकवून मारायचा फटका) हुकला, मन्सन तिसऱ्या बेसवरून सुटलेला, सरळ फिस्कवर येऊन आदळला, फिस्कने बॉल सोडला नाही. आउट. मग जुंपली. दोघांना एकमेकांचं तोंड बघवायचं नाही, पण दोघांनीही एकमेकांमुळे खेळ वर नेला हे माझं प्रामाणिक मत.

हॉवर्डबद्दल मात्र ब्रॉन्क्सकरांशी शंभर टक्के सहमत, आणि त्याचा शेवटचा मोठा पराक्रम तर आमच्याकडचा आहे! १९६७ च्या एप्रिलमधे आमचा बिली रोर नावाचा पोरगा आयुष्यातली पहिली मॅच टाकत होता, यँकी स्टेडियमवर, नवव्या इनिंगचे दोन आउट होईपर्यंत नो-हिटर (समोरच्या टीमला एकही हिट नाही). तो कोणी मोडला तर हॉवर्डने, सिंगल मारून. आणि ऑगस्टमधे यँकीजने त्यालाच आम्हाला देऊन टाकलं. २७ ऑगस्टला शिकागोला, आम्ही ४-३ पुढे, नववी इनिंग, तिसऱ्या बेसवर केन बेरी. राइट फील्डला बॉल हवेत गेला, तिथे होजे टार्टाबुल, ज्याचा हात एवढा कमजोर की सगळ्यांना माहीत होतं रन होणार. थ्रो उंच आला. अडतीस वर्षांचा हॉवर्ड उडी मारून तो घेतो, खाली येताना डावा पाय बरोब्बर प्लेटच्या समोर रोवतो, बेरीचा पाय त्या पायावर अडतो आणि हा टॅग लावतो (बॉलने स्पर्श करून आउट करतो). मॅच तिथेच संपली. त्या वर्षी आम्ही एका मॅचच्या फरकाने पेनंट (लीगचं विजेतेपद) जिंकलो, तो टॅग लागला नसता तर काय झालं असतं तुम्हीच बघा. बॉस्टनच्या जुन्या लोकांना हॉवर्ड आठवतो, न्यूयॉर्कला नाही, हे कसं काय?

---

ब्रॉन्क्सकर

@शंतनू_बॉस्टन, त्या टॅगबद्दल इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. कसं काय याचं उत्तर माझ्या मते असं की त्याची ऐन उमेदीची वर्षं योगीच्या मागे गेली. १९५५ पासून संघात, पण कॅचरची जागा योगीची, मग हॉवर्ड लेफ्ट फील्ड, फर्स्ट बेस, जिथे जागा असेल तिथे. नियमित कॅचर झाला तेव्हा तिशी ओलांडली होती. तरी १९६१ ला ॲव्हरेज .३४८! त्या वर्षी मारिस आणि मँटलच्या होम रनच्या शर्यतीत सगळं जग अडकलं होतं, पण त्याच टीममधे हॉवर्ड २१, जॉनी ब्लँचर्ड २१ आणि योगी २२ होम रन, तिघेही कॅचर. पिचर व्हायटी फोर्ड २५ विजय, ४ पराभव असा गेला तो याच वर्षी.

आणि बाकीचं काय सोसलं ते वेगळंच. सेंट पीटर्सबर्गला स्प्रिंग ट्रेनिंग व्हायचं तेव्हा टीम हॉटेलात आणि हा गावातल्या काळ्या कुटुंबांकडे मुक्कामाला, कारण हॉटेल त्याला घेत नव्हतं. वर्ल्ड सिरीज जिंकून देणारा माणूस! हे वर्षानुवर्षं चाललं, आणि तो रोज सकाळी येऊन पिचरांचे बॉल घ्यायचा.

नाना, मन्सनचं वाचून अंगावर आलं. आणि बघा, तिथेही हॉवर्ड आहेच. १९६९ ते १९७९ तो यँकीजचा कोच होता, अमेरिकन लीगमधला पहिला काळा कोच, म्हणजे मन्सनचं सगळं करिअर त्याच्या डोळ्यांसमोर. १९७६ पासून योगीही कोच म्हणून आला. म्हणजे ७७-७८ ला जिंकलेल्या टीमच्या डगआउटमधे डिकीने घडवलेले दोघं आणि मैदानावर मन्सन. १९७७ च्या जूनमधे फेनवेवर टीव्हीसमोर मॅनेजर बिली मार्टिन आणि त्याचाच खेळाडू रेजी जॅक्सन एकमेकांच्या अंगावर गेले तेव्हा मार्टिनला धरून ठेवणारे कोण होते? योगी आणि एली हॉवर्ड.

---

मधुरा_मॉन्टक्लेअर

योगीचं आमच्या गावाशी नातं म्हणून थोडं लिहिते. तो मूळचा सेंट लुइसचा, 'द हिल' या इटालियन वस्तीतला, समोरच्या घरात जो गॅराजिओला, तोही पुढे मेजर लीगचा कॅचर आणि मोठा कॉमेंटेटर झाला. सेंट लुइस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकीने गॅराजिओलाला ५०० डॉलर दिले आणि योगीला कमी देऊ केले, योगी म्हणाला नको, मग यँकीजने ५०० दिले. अठरा-एकोणीस वर्षांचा असताना नौदलात, ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यासमोर रॉकेट बोटीवर होता. 'योगी' नाव पोरांनी पाडलं, भारतावरच्या एका सिनेमात मांडी घालून बसलेला योगी बघितला आणि हा तसाच बसायचा म्हणून.

पुढे अनेक वर्षं इथे मॉन्टक्लेअरला काढली. मॉन्टक्लेअर स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात त्याचं म्युझियम आहे, आसपास राहत असाल तर मुलांना जरूर न्या. २०१४ ला तिथून त्याच्या वर्ल्ड सिरीजच्या अंगठ्या चोरीला गेल्या आणि चोरांनी त्या वितळवून टाकल्या, हे वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं. दहा वर्ल्ड सिरीज जिंकलेला एकमेव खेळाडू आहे हो तो!

आणि मानी किती. १९८५ ला मॅनेजर असताना यँकीजचा मालक स्टाइनब्रेनरने १६ मॅचेसनंतर काढून टाकलं, तेही स्वतः न सांगता दुसऱ्याकडून निरोप पाठवून. योगीने चौदा वर्षं स्टेडियमची पायरी चढली नाही. १९९९ च्या जानेवारीत स्टाइनब्रेनर या म्युझियममधे आला, माफी मागितली, मगच. १८ जुलै १९९९ ला स्टेडियमवर योगी बेरा डे झाला, डॉन लार्सनने पहिला बॉल टाकला, योगीने जो जिरार्डीचं मिट मागून घेऊन तो पकडला, मिट परत दिलं, आणि त्या दिवशी डेव्हिड कोनने परफेक्ट गेम (समोरचा एकही बॅटर बेसवर पोचला नाही अशी मॅच) टाकला!! लार्सनने १९५६ च्या वर्ल्ड सिरीजमधे टाकलेल्या परफेक्ट गेमचा कॅचर योगीच. असं कोणी लिहून दाखवलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

---

केदार_फ्रीमॉन्ट

त्यात एक भर. यँकीजचे एकूण चार परफेक्ट गेम आणि चारही वेगवेगळ्या कॅचरच्या मिटमधे: लार्सन-बेरा १९५६, वेल्स-पोसाडा १९९८, कोन-जिरार्डी १९९९, आणि हर्मान-हिगाशिओका २०२३ (हा ओकलंडला झाला). हिगाशिओकाने २०२१ ला क्लूबरचा नो-हिटरही पकडला होता, आणि त्या वर्षांत तो बहुतेक वेळ दुसऱ्या नंबरचा कॅचर. पुढे हुआन सोटोच्या ट्रेडमधे (खेळाडूंच्या अदलाबदलीत) सॅन डिएगोला गेला.

होर्हे पोसाडावर अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पोर्तो रिकोचा, १९९० च्या ड्राफ्टला २४ व्या राउंडमधे घेतलेला, मुळात सेकंड बेसचा, मायनर्समधे (खालच्या लीगमधे) त्याला कॅचर केला. सुरुवातीला जिरार्डीबरोबर वाटून खेळला आणि जिरार्डीने स्वतःची जागा जात असताना त्याला शिकवलं, हे फार कमी लोक करतात. २७५ होम रन, दोन्ही हातांनी बॅटिंग. २००३ च्या प्लेऑफचा रेड सॉक्सविरुद्धचा सातवा सामना, समोर पेड्रो मार्टिनेझ, आठव्या इनिंगला आपण ५-२ ने मागे, ५-३ झाल्यावर पोसाडाचा सेंटरला टप्पा पडलेला डबल, दोन रन, बरोबरी, शंतनूला आठवत असेलच. २०१७ ला हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच मतदानात ५ टक्केसुद्धा मतं मिळाली नाहीत, लिस्टमधून बाहेर. मन्सनचं एकवेळ समजू शकतो, हे मला अजिबात पटलेलं नाही.

---

शंतनू_बॉस्टन

आठवतोय. पुढच्या वर्षीचं, आम्ही जिंकलो ते २००४ जास्त आठवतं. :)

पण केदार, पोसाडाचं पिच पकडणं, म्हणजे कडेचा बॉल स्ट्राइक वाटेल असा घेणं, कमजोर होतं असं नंतरचे आकडे सांगतात, त्याचा फटका बसला असावा.

---

केदार_फ्रीमॉन्ट

हो, आणि यँकीजचा गेल्या दहा वर्षांचा इतिहास म्हणजे हीच गोष्ट आहे. गॅरी सांचेझ २०१६ ला आला, ५३ मॅचेसमधे २० होम रन, सगळे वेडे झालेले. २०१८ ला ॲव्हरेज .१८६ आणि १८ पास्ड बॉल (कॅचरच्या हातून सुटलेले). प्रत्येक बॉल सुटला की स्टेडियम ओरडायचं, मला ते ऐकवायचं नाही, पोरगा मेहनत करत होता. टॅनर स्वॉनसन कॅचिंग कोच म्हणून आला, एक गुडघा जमिनीला टेकवून बसायची पद्धत आणली, त्याने खालचा बॉल चांगला घेता येतो. गॅरीला २०२२ ला मिनेसोटाला दिला आणि त्याच वर्षी होजे ट्रेविनोने प्लॅटिनम ग्लव्ह (लीगच्या सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाचा मान) जिंकला, बॅटिंग साधारण, पण मिट एकदम मऊ. आता ऑस्टिन वेल्स. कॉलेजला असताना सगळे म्हणायचे हा कॅचर राहणार नाही, फर्स्ट बेसला जाईल. त्याने कॅचिंगवरच काम केलं आणि २०२४ ला रूकीच्या मतदानात तिसरा आला.

२०२६ पासून तर अंपायरच्या निर्णयावर चॅलेंज आलं, पिचर, कॅचर किंवा बॅटरने डोक्याला हात लावला की कॅमेरे सांगणार स्ट्राइक की बॉल. टीमला दोन चॅलेंज, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं. आता कॅचरला डोकंही तेवढंच लागणार, कुठलं मागायचं आणि कुठलं सोडायचं. सगळ्यात जवळून तोच बघतो.

---

पुणे_पहाटे_साडेचार

केवढं शिकलो! एक प्रश्न राहिला, ८ नंबर दोघांच्या नावाने रिटायर केलाय असं दिसतं, ते कसं? आणि कॅचर लोक पुढे मॅनेजर का होतात एवढे?

---

नाना_पार्सिपनी

८ आधी डिकीचा होता, १९४६ ला तो थांबला, १९४८ ला योगीने घेतला. १९७२ ला दोघांच्याही नावाने कायमचा काढून ठेवला.

मॅनेजरचं म्हणाल तर मैदानाकडे तोंड करून उभा असतो तो एकटा कॅचर, बाकी आठही जण त्याच्याकडे बघत असतात. सगळी मांडणी त्याला दिसते. यँकीजमधेच बघा, डिकी १९४६ ला काही महिने, मग राल्फ हाउक, योगी, जिरार्डी. हाउक तर आठ सीझन्स मिळून ९१ मॅचेस खेळला, योगी समोर असताना कोणाला खेळायला मिळणार, पण दुसऱ्या महायुद्धात मेजर झालेला माणूस, १९६१ आणि १९६२ ला मॅनेजर म्हणून वर्ल्ड सिरीज जिंकला. जिरार्डी २००९ ला.

---

ब्रॉन्क्सकर

नाना, तुम्ही जी यादी दिलीत तीच माझी खंत आहे. त्यात हॉवर्ड नाही. दोन गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचे मान), एमव्हीपी, अकरा सीझन कोच, पिचरांना घडवलेले, मॅनेजर व्हायची त्याची इच्छा उघड होती. आणि त्या अकरा वर्षांत यँकीजने मॅनेजर किती वेळा बदलले ते आठवा, बिली मार्टिनला तर काढून परत आणला. क्लीव्हलंडने १९७५ ला फ्रँक रॉबिन्सनला केलं, म्हणजे करता येत होतं. हॉवर्डला एकदाही विचारलं नाही. डिसेंबर १९८० ला तो हृदयाच्या आजाराने गेला, ५१ वर्षांचा. ३२ नंबर १९८४ ला रिटायर केला, चांगलं केलं, पण ते चार वर्षं उशिरा.

---

नाना_पार्सिपनी

बरोबर बोललात. १९७८ ला जुलैमधे मार्टिन गेला तेव्हा आम्ही ऑफिसात हेच म्हणत होतो की आता एलीला करा, बाहेरून कशाला आणता. बॉब लेमनला आणलं, जिंकलेही त्या वर्षी, त्यामुळे तो विषय कोणी पुढे काढलाच नाही.

---

मधुरा_मॉन्टक्लेअर

मुलीला शंतनूने लिहिलेला तो १९६७ चा टॅग वाचून दाखवला. तिने लगेच विचारलं, आत्ताच्या नियमाने असा पाय घालता येतो का? २०१४ पासून बॉल हातात नसताना रनरचा रस्ता अडवता येत नाही, तिला त्यांच्या कोचनेही तेच शिकवलंय. इथे थ्रो घेतानाच पाय खाली येतोय, मग काय धरायचं? कोणाला अंपायरिंगचा अनुभव असेल तर सांगा, ती उत्तराची वाट बघतेय.